‘इनव्हॅलिड’ स्थिती आणि कंपाइलची चूक: ओरॅकलमधील दोन वेगळ्या गोष्टी

यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंगमध्ये काट्यावरच्या नोंदी ओरॅकल डेटाबेसमध्ये ठेवल्या जातात आणि त्याची देखभाल माझ्याकडे आहे. दिवाळीनंतर कापसाची आवक वाढली की एखाद्या सकाळी काटापट्टी निघत नसल्याचा निरोप येतो, आणि यूझर-ऑब्जेक्ट्स, म्हणजे डेटाबेसमधील आपल्या सर्व गोष्टींची (ऑब्जेक्ट्सची) यादी, उघडून पाहावे तर आठ-दहा नावांपुढे ‘इनव्हॅलिड’ (अवैध) लिहिलेले असते. हा शब्द दोन निरनिराळ्या अवस्थांसाठी वापरला जातो, आणि त्यांची गल्लत झाली की बाहेर गाड्यांची रांग वाढत असताना आपण नको तिथे दुरुस्ती करत बसतो.

फरक समजण्यासाठी वजनकाट्याकडेच पाहावे. वैधमापन विभागाकडून काट्याची दर १२ महिन्यांनी पडताळणी करून घ्यावी लागते, आणि मधे काटा दुरुस्त केला तरी ती पुन्हा करावी लागते. दुरुस्तीनंतर पडताळणी बाकी असलेला काटा चुकीचेच वजन दाखवतो असे नाही. तो बरोबर आहे याची खात्री तेवढी झालेली नसते. पडताळणीतच ज्याचे वजन चुकलेले निघाले, त्या काट्याची गोष्ट वेगळी.

ओरॅकलमधील पहिली अवस्था अशीच, पडताळणी बाकी असल्याची आहे. कापसातील ओलावा आम्ही आधी पूर्ण टक्क्यांत नोंदवत होतो. ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान अर्ध्या टक्क्यानेही भावात फरक पडतो, म्हणून त्या कॉलममध्ये दशांश बसेल असा बदल केला. त्याबरोबर त्या कॉलमवर आधारलेला दैनिक आवकेचा व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी) आणि हिशेबाचे पॅकेज (एकत्र बांधलेला प्रोग्रामचा गट) ‘इनव्हॅलिड’ झाले. त्यांच्यात बिघाड काहीच नव्हता. ज्या टेबलावर ते उभे होते ते बदलले, म्हणून डेटाबेसने त्यांना फक्त खूण केली होती. पुढच्या वापराच्या वेळी ओरॅकल ते स्वतःच कंपाइल करून घेतो, म्हणजे मजकूर तपासून चालवण्याजोगा करतो, आणि कंपाइल यशस्वी झाले तर वापरणाऱ्याला बहुधा काही कळतही नाही. २००७ साली आलेल्या ११-जी आवृत्तीपासून हे अवलंबन कॉलमच्या पातळीवर पाहिले जाते, त्यामुळे टेबलात केवळ नवा कॉलम वाढवल्याने त्याच्याशी संबंध नसलेले व्ह्यू आता इनव्हॅलिड होत नाहीत.

दुसऱ्या अवस्थेत कंपाइल होतच नाही. ‘वजन’ या कॉलमचे नाव बदलून ‘निव्वळ वजन’ केले आणि व्ह्यूमध्ये जुनेच नाव राहिले, तर ओरॅकलने कितीही वेळा प्रयत्न केला तरी तो व्ह्यू उभा राहणार नाही. तो वापरायला गेल्यास ओआरए-०४०६३ ही चूक येते आणि त्या ऑब्जेक्टमध्ये चुका असल्याचे सांगितले जाते. इथे माणसाने मजकूर दुरुस्त करण्यावाचून मार्ग नाही.

स्थितीच्या कॉलममध्ये दोन्ही ठिकाणी शब्द एकच असल्यामुळे ओळख पटवायची ती कंपाइल करून. त्या ऑब्जेक्टवर ऑल्टरची कंपाइल आज्ञा चालवावी आणि मग यूझर-एरर्स, म्हणजे कंपाइलच्या चुकांची यादी, पाहावे. पहिल्या प्रकारात स्थिती ‘व्हॅलिड’ होते आणि तिथे एकही ओळ उरत नाही. दुसऱ्या प्रकारात ओळ क्रमांक, स्थान आणि चूक काय आहे ते सांगणारा संदेश मिळतो. आठ नावे दिसत असतील तर आठही उघडण्याची घाई करू नये. यूझर-डिपेंडन्सीज या अवलंबनाच्या यादीतून कोण कोणावर अवलंबून आहे ते पाहून सर्वांत तळाच्या ऑब्जेक्टपासून सुरुवात करावी, कारण माझ्या अनुभवात खरी चूक बहुतेक वेळा एकाच व्ह्यूमध्ये असते आणि बाकीचे त्याच्यावर टेकलेले असतात.

एक चूक मात्र फसवते. ओआरए-०४०६८ पाहून पॅकेज मोडले असे वाटते, पण ती पहिल्याच प्रकारातली आहे. पॅकेजच्या पातळीवरील व्हेरिएबलची मूल्ये प्रत्येक सेशनमध्ये, म्हणजे डेटाबेसशी उघडलेल्या प्रत्येक जोडणीत, जपलेली असतात. पॅकेज पुन्हा कंपाइल झाले की ती मूल्ये टाकून द्यावी लागतात आणि आधीपासून उघड्या असलेल्या सेशनला ही सूचना मिळते. तीच विनंती पुन्हा पाठवली की काम होते. म्हणून काट्यावरच्या माणसाने ‘एकदा चूक आली, दुसऱ्यांदा पट्टी निघाली’ असे सांगितले तर पॅकेजचा मजकूर तपासण्याऐवजी मधल्या काळात टेबलात किंवा पॅकेजमध्ये कोणी बदल केला ते शोधावे. आम्ही असे बदल आता शेवटची गाडी गेल्यावरच करतो.

दुसऱ्या प्रकारातही एक जागा अशी आहे जिथे मजकुरात काहीच खोट सापडत नाही. शेतकऱ्यांच्या देयकांचे टेबल आमच्याकडे दुसऱ्या स्कीमात, म्हणजे डेटाबेसच्या दुसऱ्या यूझरच्या खात्यात, आहे. त्यावरची क्वेरी हाताने चालवली की उत्तर येत होते, आणि तीच क्वेरी प्रोसीजरमध्ये (डेटाबेसमध्ये साठवलेल्या प्रोग्राममध्ये) घातली की ओआरए-००९४२, म्हणजे टेबल किंवा व्ह्यू अस्तित्वात नाही. परवानगी रोलमार्फत, म्हणजे अधिकारांच्या एकत्रित गटातून, दिलेली होती, आणि मालकाच्या हक्काने चालणाऱ्या प्रोसीजरमध्ये रोलमधून मिळालेले अधिकार धरले जात नाहीत. प्रोसीजर ज्या स्कीमात आहे तिला टेबलावर थेट ग्रँट (परवानगी) दिल्यावर प्रोसीजर एका अक्षराचाही बदल न करता कंपाइल झाले.

आवृत्ती बदलल्यानंतर शेकडो ऑब्जेक्ट्स इनव्हॅलिड दिसतात तेव्हा यूटीएलआरपी ही स्क्रिप्ट चालवणे योग्यच आहे; अवलंबनाचा क्रम सांभाळून ती सर्व इनव्हॅलिड ऑब्जेक्ट्स पुन्हा कंपाइल करते. मात्र आवृत्ती बदलण्याआधीच इनव्हॅलिड नावांची यादी काढून ठेवावी, कारण काही नावे बदलाच्या आधीपासूनच तिथे पडून असतात. स्क्रिप्ट चालवल्यानंतरची यादी तिच्याशी ताडून पाहिली की जी नावे केवळ नव्या यादीत आहेत तेवढीच या बदलाने मोडलेली असतात, आणि यूझर-एरर्स तेवढ्यांसाठीच वाचावे लागते.