दोनास एक, पण ग्रॅममध्ये नव्हे

अंतराळयानात सोडलेला श्वास कुठेच जात नाही. त्यातला कार्बन डायऑक्साइड आतच साचत राहतो. प्राणवायू भरपूर असला तरी कार्बन डायऑक्साइड वाढला की आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते आणि शेवटी शुद्ध हरपते. म्हणून अपोलो यानांत हा वायू शोषून घ्यायला लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे असत. त्यांतली अभिक्रिया अशी:

२ लिथियम हायड्रॉक्साइड + १ कार्बन डायऑक्साइड → १ लिथियम कार्बोनेट + १ पाणी

एक माणूस दिवसाला साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. मग त्याच्यासाठी रोज किती लिथियम हायड्रॉक्साइड लागेल? समीकरणात दोनास एक दिसतं, त्यामुळे ‘२ किलो’ असं उत्तर चटकन तोंडावर येतं. ते चूक आहे, आणि चूकही थोडीथोडकी नाही. रासायनिक अभिक्रियांच्या हिशेबात सगळ्यात जास्त पाय घसरतो तो इथेच.

संतुलित समीकरणातले आकडे वजन सांगत नाहीत, कणांची संख्या सांगतात. एकेक कण मोजणं शक्य नाही, म्हणून मोल हे एकक. १ मोल म्हणजे सुमारे ६.०२२ गुणिले १० चा २३वा घात इतके कण, मग पदार्थ कोणताही असो. वजन मात्र पदार्थागणिक बदलतं: १ मोल कार्बन डायऑक्साइड ४४ ग्रॅम भरतो, तर १ मोल लिथियम हायड्रॉक्साइड २४ ग्रॅम.

आता गणित करू. १००० ग्रॅमला ४४ ने भागलं की सुमारे २२.७ मोल कार्बन डायऑक्साइड. दोनास एक या हिशेबाने त्याला ४५.५ मोल लिथियम हायड्रॉक्साइड हवं. त्याला २४ ने गुणलं की जेमतेम १.०९ किलो. समीकरणाचं गुणोत्तर वापरलं ते फक्त मधल्या पायरीवर. आधीची आणि नंतरची पायरी म्हणजे निव्वळ ग्रॅम-मोलची अदलाबदल. हा क्रम अंगवळणी पडला की या प्रकारची बहुतेक उदाहरणं सुटतात.

पडताळा घेणंही सोपं आहे. डावीकडे ४८ आणि ४४ मिळून ९२ ग्रॅम. उजवीकडे लिथियम कार्बोनेटचे ७४ आणि पाण्याचे १८, तेही ९२. मोल मात्र तीनाचे दोन झाले! यात बिघडलं काहीच नाही. अणू तेवढेच राहतात, म्हणून वस्तुमान जुळतं. कणांची संख्या जुळायलाच हवी असं नाही.

एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ च्या प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाला आणि तिघे अंतराळवीर त्याला जोडलेल्या, चंद्रावर उतरायला दोघांसाठी बनवलेल्या छोट्या चांद्रयानात येऊन राहिले. तिथे आधी अपुरं पडू लागलं ते लिथियम हायड्रॉक्साइड. जो पदार्थ आधी संपतो तोच अभिक्रिया कुठवर चालणार हे ठरवतो. मुख्य यानातले डबे शिल्लक होते, पण ते चौकोनी आणि चांद्रयानातली जागा गोल. शेवटी प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, नळ्या आणि चिकटपट्टी वापरून ते जोडले गेले.

हेच काम सोडियम हायड्रॉक्साइडही करतं, त्याच दोनास एक प्रमाणात. पण त्याचा १ मोल ४० ग्रॅमचा, म्हणजे माणशी रोज १.८ किलो. तिघांच्या दहा दिवसांच्या प्रवासात हा फरक सुमारे २२ किलोंवर जातो, तोही डब्यातला कण न् कण वापरला गेला असं धरून. प्रत्यक्षात काही कण कोरेच राहतात, त्यामुळे दोन्ही आकडे आणखी वर सरकतात.