उडी मारली कधी, दिसली कधी?

कॉम्प्युटरला टीव्ही जोडून गेम खेळणं ही काही नवी युक्ती नव्हे. १९८२ साली आलेल्या कमोडोर ६४ आणि झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरना स्वतःचा पडदाच नव्हता. घरातल्या टीव्हीची अँटेनाची वायर काढायची आणि तिथे कॉम्प्युटर जोडायचा. गंमत म्हणजे ते डबडे टीव्ही एका बाबतीत, बटण दाबल्यावर चित्र लगेच दाखवण्यात, आजच्या चकचकीत टीव्हीपेक्षा सरस होते. पिक्चर ट्यूबमधला इलेक्ट्रॉनचा झोत सिग्नल येईल तशी ओळीखाली ओळ काढत जायचा. चित्र साठवून ठेवायची सोयच नव्हती, मग उशीर होणार कुठून?

निन्टेन्डो या गेम कंपनीची त्या काळातली, पडद्यावरची बदकं टिपायची खेळण्यातली बंदूक याच भरवशावर चालायची. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा आणि बंदुकीच्या नळीतला सेन्सर तो उजेड टिपायचा. आजच्या सपाट टीव्हीवर तो चौकोन उशिरा उगवतो. तोवर बंदुकीने ‘नेम चुकला’ असा निकाल देऊन टाकलेला असतो.

हा उशीर येतो टीव्हीच्या अतिउत्साहातून. आलेली प्रत्येक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, तो आधी साठवतो, मग तिच्यातले ठिपके पुसतो, कडा धारदार करतो, रंग भडक करतो. सगळ्यात महाग पडते ती हालचाल गुळगुळीत करण्याची हौस. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात. टीव्ही दोन फ्रेमच्या मधली एक फ्रेम स्वतःच रचून घुसवतो. पण मधली रचायची तर पुढची हातात यायला हवी, म्हणजे थांबणं आलंच. सिनेमात आवाजही तेवढाच मागे ठेवला की कुणाला पत्ता लागत नाही. गेममध्ये मात्र आपलं बोट बटणावर असतं.

नेहमीच्या मोडमध्ये हा उशीर १०० मिलिसेकंदांच्या घरात सहज जाऊ शकतो. सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे आपण सहा फ्रेम शिळं चित्र पाहत असतो. रेसिंगमध्ये गाडी ताशी १८० किलोमीटरने पळतेय असं धरा: गाडी जिथे दिसतेय, तिथून ती पाच मीटर पुढे गेलेली असते!

उपाय टीव्हीच्या सेटिंगमध्येच, बहुधा तीन मेनू खोल दडलेला असतो: गेम मोड. तो लावला की टीव्ही ही बहुतेक रंगरंगोटी सोडून देतो. खात्री करायची असेल तर मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा पुरे. २४० फ्रेमवर माउस आणि पडदा एकत्र टिपा, आणि क्लिकपासून गेममधली बंदूक धडाडेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम सुमारे ४.२ मिलिसेकंदांची. यात माउस आणि कॉम्प्युटरचा उशीरही मिसळलेला असतो, म्हणून गेम मोड बंद ठेवून आणि चालू करून, दोन्ही वेळा पाच-दहादा मोजा. सरासरीतला फरक टीव्हीच्या खात्यावर.

उशिराचं निस्तरलं की लक्ष जातं अक्षरांकडे. लाल पट्टीवरची निळी अक्षरं फिसकटलेली दिसतात, आणि आपण चष्म्याचा नंबर तपासायला निघतो. डोळ्याला उजेडातला फरक बारीक कळतो, रंगातला तितका नाही. याचा फायदा घेऊन व्हिडिओत चार पिक्सेलना, म्हणजे चित्राच्या चार बारीक ठिपक्यांना, मिळून एकच रंग देतात. माणसांच्या चेहऱ्यांवर हे खपतं, बारीक अक्षरांवर नाही. टीव्हीच्या इनपुटला ‘पीसी’ असं नाव दिलं की अनेक टीव्ही प्रत्येक पिक्सेलला स्वतंत्र रंग देऊ लागतात. नुसत्या नावाने फरक पडतो, हे मला आजही विचित्र वाटतं. टास्कबार कडेला कापला जात असेल तर तो ट्यूबच्या जमान्याचा वारसा: वेड्यावाकड्या कडा झाकायला चित्र जरा फुगवून दाखवत. ते सेटिंग बंद करायचं, बस्स.

केबलचं गणित सोपं आहे. फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. प्रत्येकाला २४ बिट आणि सेकंदाला १२० फ्रेम धरल्या तर जवळपास २४ गिगाबिट होतात. टीव्हीला कॉम्प्युटर जोडायच्या एचडीएमआय या जोडणीच्या २.० आवृत्तीची झेप १८ पर्यंतच, म्हणून तिथे ६० फ्रेमवर समाधान मानायचं. १२० हव्या असतील तर २०१७ साली आलेलं, ४८ गिगाबिटपर्यंत जाणारं २.१ लागतं. टीव्हीची सगळी भोकं सारखी नसतात, तेव्हा शेजारची बारीक अक्षरं वाचूनच केबल खोचा.

आकाराचा मोह मात्र आवरा. ५५ इंची फोर-के टीव्हीवर इंचाला ८० पिक्सेल, तर साध्या २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर ९२. सोफ्यावर रेलून, हातात गेमपॅड घेऊन खेळणाऱ्याला टीव्हीसारखं सुख नाही. टेबलाशी बसून माउसने नेम धरणाऱ्याला मी मॉनिटरच घ्यायला सांगेन. दोन फुटांवरून ५५ इंच पाहायचे तर कोपऱ्यातला नकाशा बघायलाही मान वळवावी लागते. आणि टीव्ही ओएलईडी, म्हणजे प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळणारा, असेल तर तोच नकाशा रोज तासन्‌तास एकाच जागी ठेवू नका. तिथले पिक्सेल इतरांआधी झिजतात, आणि मग गेम बंद केल्यावरही बातम्यांच्या मागे त्याची पुसट सावली दिसत राहते.