सर्च रिपोर्ट (स्थावर मालमत्तेचा शोध अहवाल)

विकत घ्यावयाच्या अथवा तारण ठेवावयाच्या स्थावर मालमत्तेचा हक्क कोणाकडून कोणाकडे आला व आज तिच्यावर कोणता बोजा आहे, याची नोंदणी आणि महसूल दप्तरांतून केलेली तपासणी व तीवरील वकिलाचा लेखी अभिप्राय. प्रस्तुत नोंद महाराष्ट्रातील, मुख्यतः जमिनीच्या, तपासणीपुरती आहे.

भारतात नोंदणी दस्ताची होते, मालकी हक्काची नव्हे. नोंदणी अधिकाऱ्याने विक्रेत्याच्या मालकीची शहानिशा करणे नोंदणी अधिनियम, १९०८ ला अभिप्रेत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने के. गोपी प्रकरणात (२०२५) स्पष्ट केले. उलट मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ३ मध्ये १९२९ साली झालेल्या दुरुस्तीमुळे नोंदणीकृत दस्ताची खरेदीदाराला माहिती होती असेच धरले जाते. शोधाचा भार खरेदीदारावर येतो तो यामुळे.

शोध किती वर्षांचा घ्यावा, हे कोणत्याही अधिनियमात सांगितलेले नाही. तीस वर्षांचा प्रघात सर्वत्र रूढ आहे. त्याचे मूळ मात्र तीन ठिकाणी दाखवले जाते. एक, भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ चे कलम ९० (१ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम ९२) : योग्य ताब्यातून आलेला तीस वर्षांचा दस्त खरा असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. दोन, इंग्लंडमधील १९२५ चा मालमत्ता कायदा, ज्याने विक्रेत्याने दाखवावयाच्या हक्काची मुदत चाळीसवरून तीस वर्षांवर आणली (१९६९ मध्ये ती पंधरा झाली). तीन, मुदत अधिनियम, १९६३. यातील अनुच्छेद ६१ प्रमाणे गहाण सोडवण्याच्या दाव्याची, तर अनुच्छेद ११२ प्रमाणे शासनाच्या दाव्याची मुदत तीस वर्षे आहे. १९०८ च्या जुन्या मुदत अधिनियमात दोन्ही मुदती साठ वर्षे होत्या. हे तिसरे मूळ अधिक ग्राह्य वाटते, कारण शोधाचा हेतू अजून जिवंत असू शकणारे दावे हुडकणे हाच आहे. कलम ९० दस्ताच्या खरेपणाविषयी बोलते, विकणाऱ्याच्या हक्काविषयी नाही. प्रतिकूल कब्जाची, म्हणजे खऱ्या मालकाविरुद्ध उघडपणे ठेवलेल्या ताब्याची, बारा वर्षांची मुदत (अनुच्छेद ६५) पुढे करून तेरा वर्षांचा शोध पुरेसा मानण्याचीही पद्धत आहे. तीत जुने गहाण आणि शासनाचा हक्क दोन्ही निसटतात. तीस वर्षांच्या आत हक्काचा उगम दाखवणारा दस्त सापडला नाही, तर तो सापडेपर्यंत मागे जावे लागते.

प्रत्यक्ष शोध दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक २ मध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या मालमत्तावार यादीत, घेतला जातो. शोध फी भरल्याची पावती अहवालाला जोडतात. संगणकीकरणानंतरच्या, म्हणजे साधारण २००२ पासूनच्या नोंदी ऑनलाइन पाहता येतात. त्याआधीच्या वह्या हाताळाव्या लागतात. ‘काही पाने फाटलेली आहेत’ हा शेरा अशा अहवालांत नेहमी आढळतो. तो कोणत्या वर्षांपुरता आहे हे लिहिले नसेल, तर त्या अहवालाला फारसा अर्थ उरत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक क्रमांकांची असते. १९४७ च्या एकत्रीकरण अधिनियमाखाली ज्या गावी शेतीचे विखुरलेले तुकडे एकत्र करण्याची योजना लागू झाली, तेथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आधीचे दस्त सूचीत सर्व्हे नंबरखालीच राहिले. केवळ गट नंबर घेऊन शोधल्यास योजनेपूर्वीची सगळी वर्षे निरंक दिसतात. एकत्रीकरणाचा उतारा काढून दोन्ही क्रमांक जुळवल्याशिवाय शोधाला हात घालू नये.

महसूल दप्तरात सातबाऱ्यावर वर्तुळात दिलेला प्रत्येक फेरफार क्रमांक काढून वाचावा लागतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच खरी मानली जाते; फेरफाराने मालकी मिळत नाही. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) असेल, तर ती व्यक्ती एकत्र कुटुंबाची कर्ता असते आणि इतर सहदायाद (कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः वाटा असलेले) उताऱ्यावर दिसत नाहीत. २००५ ची हिंदू उत्तराधिकार दुरुस्ती व विनीता शर्मा निकाल (२०२०) यांनंतर त्यांत मुलीही येतात. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अर्थात वयाने सज्ञान नसलेल्याचा पालक. अज्ञानाच्या स्थावर मालमत्तेची विक्री नैसर्गिक पालकाने न्यायालयाच्या परवानगीशिवाय केली असल्यास, सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत ती रद्द करून मागता येते. भोगवटादार वर्ग २ आणि कुळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा, दोन्हींत हस्तांतरणाला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी वा विहित अटींची पूर्तता लागते.

नोंदणीच्या शोधात जे मुळातच दिसत नाही, त्याची यादी अहवालात क्वचितच असते. नोंदणीकृत मृत्युपत्र पुस्तक क्रमांक ३ मध्ये जाते, सूची २ मध्ये नाही. तोंडी वाटपाचा नोंदणी कार्यालयात दस्तच नसतो. हक्कलेख ठेवून केलेले गहाण नोंदणीशिवाय पूर्ण होते. महाराष्ट्रात त्याची नोटीस दाखल करण्याची तरतूद (नोंदणी अधिनियमाचे कलम ८९ब) २०१३ पासूनची आहे, म्हणून त्याआधीच्या गहाणासाठी मूळ दस्त प्रत्यक्ष पाहणे हाच उपाय. मूळ दस्त ‘हरवला’ असे विक्रेता सांगत असेल, तर तो बँकेत असण्याची शक्यता आधी तपासावी.

प्रलंबित दाव्यांबाबत मुंबईची स्थिती वेगळी आहे. १९३९ च्या स्थानिक दुरुस्तीमुळे तेथे दाव्याची नोटीस नोंदवलेली असेल तरच मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५२ (दावा चालू असताना झालेली खरेदी त्याच्या निकालाच्या अधीन ठेवणारे) खरेदीदाराला बांधते, त्यामुळे ती शोधात दिसते. जेथे ही दुरुस्ती लागू नाही, तेथे न नोंदवलेला दावाही बांधतो, आणि न्यायालयाच्या दप्तरात शोध सर्व्हे नंबरने नव्हे तर पक्षकाराच्या नावाने घ्यावा लागतो. म्हणून विक्रेत्यासोबत त्याच्या भावाबहिणींची नावेही घालून पाहतात.

वृत्तपत्रातील जाहीर नोटीस हरकती मागवण्यासाठी असते. मुदतीत हरकत न घेणाऱ्याचा हक्क तिच्याने बुडत नाही. अहवालाची तारीख व खरेदीखताची नोंदणी यांत अंतर पडल्यास मधल्या दिवसांचा शोध नव्याने घेतात.