लीन उत्पादन पद्धती : ऐतिहासिक विकास

जे लागेल तेच, लागेल तेव्हा आणि लागेल तेवढेच बनवायचे. जादा साठा, ताटकळणे, फुकटची हलवाहलव आणि सदोष माल यांना फाटा द्यायचा, अशी ही उत्पादनपद्धती. ती जपानच्या टोयोटा कंपनीत घडली. व्यवस्थापनाच्या वर्गांत ती तयार तत्त्वज्ञान म्हणून शिकवली जात असली, तरी तिची जडणघडण टंचाईत, तुकड्यातुकड्याने झाली.

तिचे मूळ मोटारीत नसून मागात आहे. साकिची टोयोडा यांचा १९२४ चा स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबे. त्यामुळे सदोष कापड निघत नसे आणि एका कामगाराला अनेक माग सांभाळता येत. त्यांचे पुत्र किइचिरो मोटारींकडे वळले. १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी स्थापन झाली. ‘जस्ट इन टाइम’ची, म्हणजे प्रत्येक भाग लागेल त्याच वेळी हाताशी येण्याची, कल्पना किइचिरोंचीच, पण युद्धामुळे ती मागे पडली.

हेन्री फोर्ड यांनी १९१३ पासून सरकत्या जुळणी-साखळीवर एकाच मॉडेलच्या गाड्या प्रचंड संख्येने काढल्या. युद्धोत्तर जपानमध्ये ना तेवढे गिऱ्हाईक होते ना भांडवल. १९५० मध्ये टोयोटा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. कामगारकपात, संप आणि अखेर किइचिरोंचा राजीनामा असा तो काळ. कोरियन युद्धातील अमेरिकी लष्कराच्या ट्रक-मागणीने कंपनी तगली. मागणीपेक्षा जास्त माल काढण्याची धास्ती मात्र कायम राहिली.

टोयोटातील अभियंते ताइइची ओनो यांनी कंपनीच्या मशीन शॉपमध्ये याच धास्तीची शिस्त बनवली. एका कामगाराकडे अनेक यंत्रे देण्याला जुन्या कसबी कामगारांनी विरोध केला. अमेरिकी सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाईक हवे ते उचलतो आणि रिकाम्या झालेल्या जागीच माल भरला जातो. तसेच पुढच्या विभागाने मागच्याकडून लागतील तेवढेच सुटे भाग न्यायचे. मागच्याने तेवढेच पुन्हा बनवायचे. ही देवघेव कानबान नावाच्या कार्डांवर चाले. पण छोटे लॉट (एका वेळी काढायच्या मालाची खेप) परवडण्यासाठी प्रेसवरचे साचे झटपट बदलायला हवे होते. टोयोटाला सल्ला देणारे अभियंते शिगेओ शिंगो यांच्या सांगण्यानुसार, हजार टनी प्रेसचे चार तासांचे सेटिंग शेवटी तीन मिनिटांवर आले. पद्धतीचा खरा कणा हाच. चर्चा मात्र कार्डांचीच होते.

१९७३ च्या तेलसंकटानंतर जपानी कारखान्यांचे टोयोटाकडे लक्ष गेले. १९८४ मध्ये जनरल मोटर्सच्या कॅलिफोर्नियातील बंद पडलेल्या फ्रीमाँट कारखान्यात जनरल मोटर्स आणि टोयोटा या दोन्ही कंपन्यांनी संयुक्त उत्पादन सुरू केले. बहुतेक जुनेच कामगार घेऊनही दर्जा सुधारला, त्यामुळे ‘हे जपान्यांनाच जमते’ हा समज डळमळला. तेथे काम केलेल्या जॉन क्राफसिक यांनी १९८८ च्या लेखात ‘लीन’ (सडपातळ) हे नाव रूढ केले. भारतात टोयोटा १९९७ मध्ये किर्लोस्कर समूहाच्या भागीदारीत आली. पुणे-चाकणच्या शॉपफ्लोअरवर कायझेन (सतत छोट्या सुधारणा), पोका-योके (चूक होऊच न देणारी रचना) हे शब्द आता रोजच्या बोलण्यातले आहेत.

कमी साठ्याची किंमतही असते. १९९७ मध्ये आइसिन या पुरवठादाराच्या कारखान्याला आग लागून ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह मिळेनासा झाला आणि टोयोटाचे जपानमधील जवळजवळ सर्व कारखाने थांबले. इतर पुरवठादारांनी काही दिवसांतच तो भाग बनवून दिला. २०११ च्या भूकंपानंतर मात्र खुद्द टोयोटाने पुरवठादारांना काही महिने पुरेल एवढा चिपांचा साठा ठेवायला लावले.