अमेरिका-कॅनडाच्या विद्यापीठात अर्ज: कोल्हापुरातून निघणाऱ्यांनी कागद कसे जुळवायचे

आपल्याकडच्या पोरांना प्रवेशाची एकच पद्धत अंगवळणी पडलेली असते: सीईटी द्या, कॅप राउंडला पर्याय भरा आणि यादीत नाव शोधा. अमेरिका-कॅनडात प्रवेशाची अशी सरकारी गुणवत्ता यादी नाही आणि ठरलेला कटऑफही नाही. प्रत्येक विद्यापीठाची फी वेगळी, शेवटची तारीखही वेगळी. ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणाऱ्या ‘फॉल’ सत्राचे बरेचसे अर्ज आदल्या डिसेंबर-जानेवारीतच बंद होतात. म्हणजे पुढच्या ऑगस्टला जायचं तर या जूनमध्येच हालचाल सुरू करायला हवी. फॉर्म भरणं त्यातल्या त्यात सोपं असतं. वेळ जातो तो दुसऱ्याच्या टेबलावर अडकणाऱ्या कागदांत.

आधी पासपोर्ट, म्हणजे आधी नाव

कोल्हापुरात पोस्टातलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, वरचं कार्यालय पुण्याचं. जीआरईसारख्या, पदवीनंतरच्या प्रवेशासाठी द्यायच्या परीक्षेला ओळखपत्र म्हणून पासपोर्टच न्यायचा असतो, तेव्हा तो हातात असल्याशिवाय परीक्षेची तारीख घेऊ नका.

आपल्या कागदांवर नावाची गंमत असते. मार्कलिस्टवर पाटील आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि पुष्कळदा शेवटी आईचं. पासपोर्टवर मात्र आडनाव आणि दिलेलं नाव असे दोनच रकाने. आधार आणि पॅनवरचं स्पेलिंग आणखी वेगळं. ‘चालतंय की’ म्हणून हे सोडू नका. विद्यापीठाचा अर्ज, परीक्षेची नोंदणी, व्हिसाचा फॉर्म, सगळीकडे पासपोर्टवर आहे तेच नाव, त्याच स्पेलिंगने. पासपोर्टवर दोनपैकी एक रकाना रिकामा असेल तर अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) छापून येतं आणि ते लचांड पुढे बँकेपासून वाहन परवान्यापर्यंत मागे लागतं. दुरुस्ती करायची तर आत्ताच करा.

ट्रान्सक्रिप्ट आणि शिफारसपत्रं

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सगळ्या सत्रांचे गुण एकत्र दाखवणारा, सही-शिक्क्याचा आणि बहुधा सीलबंद पाकिटातला कागद. शिवाजी विद्यापीठाचे विद्यार्थी असाल तर विद्यानगरला परीक्षा विभागात चौकशी करा. कॉलेज स्वायत्त असेल तर गुणपत्रक कॉलेजचं आणि पदवी विद्यापीठाची असा प्रकार असतो, त्यामुळे ट्रान्सक्रिप्ट नेमकी कुणी द्यायची हे आधी दोन्हीकडे विचारा. लागतील त्यापेक्षा दोन-तीन पाकिटं जास्तीची घ्या आणि पाकीट स्वतः फोडू नका. फोडलं की ते अधिकृत राहत नाही. अर्ज करताना बहुतेक ठिकाणी स्कॅन प्रत चालते, मूळ प्रत प्रवेश मिळाल्यावर मागतात. काही विद्यापीठं वेस (वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस) सारख्या संस्थेकडून पदवीचं मूल्यमापन करून मागतात. तिथं ट्रान्सक्रिप्ट तुमच्या हातून नाही, थेट तुमच्या इथल्या विद्यापीठाकडून जावी लागते.

केटी लागली असेल तर लपवू नका, ती ट्रान्सक्रिप्टवर दिसतेच. दहापैकी सीजीपीए असेल तर तो तसाच लिहा. चारच्या मापात स्वतः बदलून टाकायचा उद्योग, अर्जात मागितला नसेल तर, करू नका.

तीन वर्षांचं बीएस्सी, बीकॉम झालेल्यांनी थेट मास्टर्सला अर्ज करण्याआधी नियम वाचावेत. सोळा वर्षांचं शिक्षण मागणारी विद्यापीठं बरीच आहेत. पण नॅकची (उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची) ‘अ’ किंवा वरची श्रेणी असलेल्या संस्थेची प्रथम वर्गातली तीन वर्षांची पदवी वेस अमेरिकन बॅचलर्सच्या बरोबरीची धरते, आणि शिवाजी विद्यापीठाला २०२१ मध्ये ‘अ++’ मिळाली आहे. शेवटी मानायचं की नाही हे त्या त्या विद्यापीठाच्या हातात, म्हणून फी भरण्याआधी ईमेल करून विचारा.

शिफारसपत्रं साधारण तीन लागतात. इथं आपल्याकडची खोड आडवी येते. सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ तिकडं पत्र तुम्ही जोडायचंच नसतं. अर्जात सरांचा ईमेल दिला की त्यांना लिंक जाते आणि पत्र त्यांनीच चढवायचं असतं. जीमेलपेक्षा कॉलेजचा ईमेल असलेला बरा. तिन्ही पत्रांची भाषा एकाच हातची असली तर वाचणाऱ्याला ते कळतं. सरांना महिनाभर आधी भेटा, तुमचा प्रोजेक्ट आणि गुण लिहिलेला एक कागद द्या, आणि लिंक स्पॅममध्ये पडली नाही ना, हे फोन करून विचारा. त्यात संकोच कसला!

जीआरई २०२३ पासून दोन तासांच्या आत संपते आणि गुण पाच वर्षं चालतात. अनेक विभागांनी ती ऐच्छिक केली आहे. टोफेल आणि आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोनच वर्षं. टोफेलची गुणपद्धत जानेवारी २०२६ पासून १ ते ६ अशी झाली आहे, जुन्या १२० च्या हिशेबात अडकू नका.

बारावीनंतर जायचं असेल तर

अमेरिकेत कॉमन ॲप या सामाईक अर्जाच्या संकेतस्थळावरून २० कॉलेजांपर्यंत अर्ज करता येतात. नववीपासूनचे गुण मागतात. प्रवेशाचे निकाल मार्चअखेरपर्यंत लागतात, आणि आपल्या बोर्डाचा निकाल त्यानंतर. त्यामुळे अकरावीचे आणि पूर्वपरीक्षेचे गुण महत्त्वाचे ठरतात. ‘अकरावी म्हणजे आराम’ हे इथं महागात पडतं. समुपदेशकाचा, म्हणजे शाळेनं विद्यार्थ्याबद्दल द्यायचा अहवाल बहुधा प्राचार्यांनाच भरावा लागेल, त्यांना हे प्रकरण आधी समजावून सांगा. परदेशी मुलाची ऐपत न बघता प्रवेश ठरवणाऱ्या संस्था मोजक्या: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट अशा. बाकी बहुतेक ठिकाणी आर्थिक मदत मागितल्याचा प्रवेशावर परिणाम होऊ शकतो.

पैसा कागदावर कसा दाखवायचा

प्रवेश मिळाल्यावर अमेरिकन विद्यापीठ आय-२० हा व्हिसासाठी लागणारा कागद देतं, पण त्याआधी पहिल्या वर्षाचा खर्च दाखवावा लागतो. तोही रोख किंवा पटकन रोख होणारा: बचत खातं, मुदत ठेव, कर्जाचं मंजुरीपत्र. सातबारा इथं चालत नाही. चार एकर ऊस आणि बंगला असला तरी त्याचा हिशेब यात धरत नाहीत. ठेव पतसंस्थेत असेल तर विद्यापीठ ती मानेलच असं नाही. राष्ट्रीयीकृत बँकेचं इंग्रजी पत्र बिनघोर. शेती उत्पन्नावर रिटर्न भरलेलं नसेल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि कारखान्याची ऊसबिलं काढून ठेवा, कर्जाच्या फाइललाही लागतात. तारणाला शेतजमीन बहुतेक बँका घेत नाहीत. एनए प्लॉट किंवा फ्लॅट लागतो.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. वर्षाला ७५ जागा, विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये हवं, वय मास्टर्सला ३५ आणि पीएचडीला ४० पर्यंत. अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे. इतर प्रवर्गांच्या योजना त्या त्या विभागाकडे बघा आणि जात, उत्पन्न, अधिवास हे दाखले आधीच काढा.

राजारामपुरीतल्या एखाद्या सल्लागाराकडे जाणार असाल तर एवढं बघा: अर्जात ईमेल आणि पासवर्ड तुमचाच हवा. फुकट सल्ला देणाऱ्याला बऱ्याचदा विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, त्यामुळे यादी तुम्ही करा आणि त्यानं तपासावी.

व्हिसा

अमेरिकेसाठी क्रम असा: आय-२०, मग सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकन यंत्रणा) फी ३५० डॉलर, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, १८५ डॉलर व्हिसा फी. मग मुंबईत दोन वेगळ्या तारखा, एक बोटांचे ठसे-फोटोची आणि दुसरी बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखतीची. फॉर्मवर मागच्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांची खाती लिहायची असतात आणि २०२५ पासून ती सार्वजनिक ठेवायला सांगतात. मुलाखत दोन-तीन मिनिटांतही आटोपते. हेच विद्यापीठ का, खर्च कोण करणार, परत येऊन काय, याची उत्तरं पाठ केलेली वाटू नयेत.

कॅनडात आधी प्रवेशपत्र, मग प्रांताचं पीएएल, म्हणजे तुम्ही त्या प्रांताच्या ठरलेल्या विद्यार्थिसंख्येत बसता असं सांगणारं पत्र. २०२६ पासून सरकारी विद्यापीठांतल्या मास्टर्स-पीएचडीला त्यातून सूट आहे. फीशिवाय राहण्याखाण्यासाठी एकट्याला २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. ही रक्कम सप्टेंबर २०२५ पासूनची आहे आणि ती वाढत असते. स्टडी परमिटच्या अर्जाची फी १५० आणि बायोमेट्रिकची ८५ कॅनेडियन डॉलर. झटपट निर्णयाची एसडीएस योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली. जुने व्हिडिओ बघून तिच्या भरवशावर राहू नका.

अमेरिकेच्या व्हिसावर आय-२० वरच्या सुरुवातीच्या तारखेच्या जास्तीत जास्त ३० दिवस आधी देशात शिरता येतं, तिकीट त्या हिशेबानं काढा. आय-२०, पैशाचे कागद आणि सीलबंद ट्रान्सक्रिप्ट हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.