रंगाआधी टाकी वाजवून बघा

गावातल्या उंच टाकीला निळा रंग दिला, वर 'पाणी वाचवा' लिहिलं, की ती धडधाकट वाटू लागते. रंग द्यायला हरकत नाही, पण तपासणीच्या आधी तो देणं घातक आहे. टाकीचं दुखणं पहिल्यांदा तिच्या अंगावरच उमटतं आणि रंग नेमकं तेच झाकून टाकतो.

दहा लाख लिटरच्या टाकीत हजार टन पाणी असतं. रात्री टाकी भरते, सकाळी पाणी सोडलं की उतरते. एवढा भार खांबांवर रोज चढतो आणि उतरतो. खांबातलं काँक्रीट दाब पेलतं. टाकीच्या भिंतीला मात्र पाणी बाहेर ढकलत असतं आणि तो ताण घेतात आतल्या सळया. वारा आणि भूकंप खांबांना वाकवू पाहतात, तेव्हाही सळयाच कामी येतात. म्हणून तपासणीत सगळ्यात जास्त शोध घ्यायचा तो सळईच्या गंजाचा.

चांगलं काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असतं. त्याचा सामू (pH, अल्कता दाखवणारा आकडा) 12 ते 13 च्या आसपास असतो आणि त्यामुळे सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो आणि ही अल्कता कमी करत जातो. सामू 9 च्या खाली गेला की थर मोडतो आणि सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं. खांबाच्या कोपऱ्यालगत, सळईच्या रेषेत सरळ उभी गेलेली भेग दिसली तर ती बहुधा गंजाची. तपकिरी ओघळ तेच सांगतात. पांढरे ओघळ वेगळे: पाणी काँक्रीटमधून झिरपतंय आणि येताना चुना विरघळवून आणतंय.

मग हातोडी. बाजारात मडकं वाजवून घेतात, तसा खांब खालून वर वाजवत जायचं. खणखणीत आवाज आला तर काँक्रीट एकसंध आहे, बद्द आवाज आला तर आवरण सळईपासून सुटलंय. इतकी साधी चाचणी, पण अनुभवी कान असेल तर ती फार काही सांगून जाते.

रिबाउंड हॅमर नावाचं उपकरण काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतं. त्याच्या आकड्यावर एकट्यावर विसंबणं मला पटत नाही. कार्बन डायऑक्साइडमुळे पृष्ठभाग उलट कठीण होतो, म्हणजे आत सळई गंजत असताना आकडा मात्र छान येऊ शकतो. म्हणून ताज्या फोडलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलिन हे अल्कता ओळखणारं रसायन फवारून बघतात. जिथे गुलाबी रंग येतो तिथे अल्कता शाबूत आहे, जिथे येत नाही तिथे ती संपली आहे. हा रंगहीन पट्टा सळईपर्यंत पोचला असेल, तर बाहेरून काहीही दिसत नसलं तरी काळजीचं कारण आहे. जोडीला ध्वनिलहरींची चाचणी घेतात. काँक्रीटमध्ये लहरींचा वेग सेकंदाला 3 किलोमीटरपेक्षा कमी भरला तर ते संशयास्पद धरतात.

काही टाक्या खांबांऐवजी पोकळ, गोल भिंतीवर उभ्या असतात. 2001 च्या भुज भूकंपात अशा अनेक टाक्यांच्या भिंतींना खालच्या भागात आडव्या, गोलाकार भेगा गेल्या. तिथे नजर आधी बुंध्यावर हवी.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे छताची आतली बाजू. तिथे पाणी पोचत नाही, पण वाफ आणि क्लोरीन सतत पोचतात. भिंती ठीक असताना छताच्या सळया उघड्या पडलेल्या सापडतात त्या यामुळेच. पण आत उतरताना हवा तपासल्याशिवाय, दोर आणि बाहेर माणूस असल्याशिवाय कोणालाही पाठवू नये.

छतावरच हवेच्या नळ्यांची जाळी आणि मॅनहोलचं झाकणही बघायचं. 1993 मध्ये अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या गिडियन या छोट्या गावात साल्मोनेलाची साथ आली आणि वृद्धाश्रमातल्या सात जणांचे जीव गेले. संशयाची सुई पाण्याच्या टाकीत शिरलेल्या पक्ष्यांकडे गेली. टाकी पडली नव्हती, फक्त बंदिस्त राहिली नव्हती.

खांब दुरुस्त करायचे तर भोवती नव्या सळया आणि काँक्रीटचं जॅकेट घालतात. हे काम टाकी रिकामी करूनच व्हायला हवं. भरल्या टाकीखाली केलं तर आधीचा सगळा भार जुन्याच काँक्रीटवर राहतो आणि नवं जॅकेट नुसतं भोवती उभं असतं. गावाला त्या काळात टँकरचं पाणी प्यावं लागेल, ओरड होईल, म्हणून नगरपालिका कचरतात. ओरड सोसावी, पण टाकी रिकामी करावी. काम झालं की ती काठोकाठ भरायची आणि काँक्रीटला पाणी शोषू द्यायला सात दिवस थांबायचं. पुढचे सात दिवस बाहेरून ओल येते का ते बघायचं. भारतीय मानकानुसार उंच टाकीची उघडी असलेली बाहेरची बाजू या काळात कोरडी राहिली पाहिजे.