मुंबई सेंट्रल मध्य रेल्वेचे का नाही?

मुंबईत नवखा प्रवासी ‘सेंट्रल’ या शब्दाने हमखास फसतो, आणि दोष त्याचा नसतो. मुंबई सेंट्रल हे स्थानक पश्चिम रेल्वेवर आहे. लोक जिला बोलताना ‘सेंट्रल’ म्हणतात त्या मध्य रेल्वेचे मुख्य स्थानक म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, जुन्या मुंबईकरांचे व्हीटी.

या घोळाचे मूळ कालक्रमात आहे. 18 डिसेंबर 1930 रोजी बॉम्बे सेंट्रल सुरू झाले, तेव्हा मध्य रेल्वे अस्तित्वातच नव्हती. शहरात दोन कंपन्यांच्या गाड्या धावत होत्या: ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) आणि बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया (बीबीसीआय). 5 नोव्हेंबर 1951 रोजी इतर काही संस्थानी रेल्वेंसह पहिलीची मध्य आणि दुसरीची पश्चिम रेल्वे झाली. म्हणजे स्थानकाला ‘सेंट्रल’ हे नाव मिळाले, त्यानंतर जवळपास 21 वर्षांनी तोच शब्द शेजारच्या रेल्वेच्या वाट्याला आला.

व्हीटीचा इतिहास त्याहून जुना आहे, पण तिथेही एक गफलत नेहमी होते. 16 एप्रिल 1853 रोजी ठाण्याला निघालेली पहिली गाडी आजच्या भव्य इमारतीतून नव्हे, तर बोरीबंदरच्या साध्या स्थानकातून सुटली. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार आजच्या इमारतीचे काम 1878 मध्ये सुरू होऊन 1888 मध्ये पुरे झाले. प्रवेशद्वाराच्या खांबांवर बसलेले सिंह आणि वाघ, पहिला ब्रिटनचा तर दुसरा भारताचा प्रतिनिधी, हे त्या काळच्या सत्तेचे चित्र गर्दीतही नजरेत भरते.

मुंबई सेंट्रल मात्र गरजेतून उभे राहिले. बीबीसीआयच्या गाड्या पूर्वी कुलाब्यापर्यंत जात. समुद्रात भराव घालून जमीन तयार करण्याच्या बॅकबे योजनेमुळे चर्चगेटच्या दक्षिणेचा मार्ग सोडावा लागला, 1930 च्या अखेरीस कुलाबा स्थानक बंद झाले, चर्चगेट लोकलपुरते राहिले आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी बेलासिस रोडजवळ नवे टर्मिनस बांधले गेले. क्लॉड बॅटली यांनी त्याचा आराखडा केला. स्टीव्हन्स यांच्या कोरीवकामापुढे ही इमारत रुक्ष वाटते हे खरे, पण माझ्या मते तिचे सरळपण कामाला साजेसेच आहे.

या इतिहासाची खूण फलाटावर आजही दिसते. व्हीटीला लोकल आणि मेल-एक्स्प्रेस दोन्हींचे रूळ संपतात. मुंबई सेंट्रलला लांब पल्ल्याच्या गाड्या थांबून राहतात आणि बाजूच्या फलाटांवरून लोकल पुढे चर्चगेटला निघून जाते. त्यामुळे व्हीटीहून सुटणाऱ्या डेक्कन क्वीनसाठी निघालेल्याने ‘सेंट्रल’ एवढेच सांगून टॅक्सीत बसू नये. तिकिटावर एमएमसीटी (मुंबई सेंट्रल) आहे की सीएसएमटी (व्हीटी), ते आधी पाहावे.